समेच्या जरा नंतर

डिसेंबर जवळ आला की या सदराचं टपाल बदलतं. एरवी लेन्सला बुरशी लागली, जुना कॅमेरा विकू की ठेवू, लग्नाच्या अल्बमवाल्याने रडवलं, असले प्रश्न. थंडी पडली की पत्रं येतात ती मैफलीत फोटो काढण्याबद्दलची, नाहीतर शेजारच्याने काढले म्हणून डोकं उठल्याची. यंदा दुसऱ्या प्रकारची जास्त आहेत. मी १९८४ पासून गाण्याच्या मैफलींचे फोटो काढते आहे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या मला लागू पडतात. या वेळी फक्त हाच विषय घेते.

प्रश्न : गेल्या महिन्यात आमच्या गावात एका नामवंत गायिकेचा कार्यक्रम झाला. ८०० रुपयांचं तिकीट काढून मी चौदाव्या रांगेत बसलो होतो. मोबाइलवर दोनच फोटो काढले, तर स्वयंसेवक मुलगा आला आणि सगळ्यांदेखत फोन खिशात ठेवायला लावला. पैसे मोजून आलेल्या माणसाला एवढाही हक्क नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

सर, त्या मुलाने सगळ्यांदेखत बोलायला नको होतं. वाकून कानाशी सांगायचं असतं, तेही दोन चिजांच्या मध्ये. एवढा भाग तुमच्या बाजूने. बाकीचा नाही.

८०० रुपये तुम्ही ऐकायला दिलेत. तुमच्या मागे पंधराव्या रांगेत बसलेल्यानेही दिलेत. अंधाऱ्या सभागृहात तुम्ही फोन उचललात की त्याला गायिकेआधी तुमच्या हातातली उजळ चौकट दिसते. डोळा जिथे उजेड तिथे धावतो, त्याचा नाइलाज आहे. शिवाय पुष्कळदा तिकिटाच्या पाठीमागे मुंगीच्या अक्षरांत ‘छायाचित्रण व ध्वनिमुद्रणास मनाई’ छापलेलं असतं. सभागृह आयोजकाने भाड्याने घेतलेलं आहे, तिथे कोणत्या अटीवर यायचं हे तो ठरवू शकतो. घरी गेल्यावर तिकीट उलटं करून बघा.

आता तुम्ही पत्रात न लिहिलेली गोष्ट. फ्लॅश उडाला ना? बहुतेकांच्या फोनमध्ये तो ‘आपोआप’वर असतो, अंधार दिसला की उडतो, आणि मालकाला पत्ताच नसतो. या फ्लॅशचा उजेड जेमतेम दोन-तीन मीटर पोचतो. चौदावी रांग म्हणजे रंगमंचापासून पंधरा-वीस मीटर. अंतर दहापट झालं की उजेड शंभरावा हिस्सा उरतो, म्हणजे गायिकेवर तुमच्या फ्लॅशचं काहीही पडलं नाही. तेराव्या रांगेतल्या काकांचं टक्कल मात्र लखलखीत आलं असेल. बघा तो फोटो उघडून.

गायिकेला मात्र तो ठिणगीसारखा दिसतोच. त्याने काय होतं, हे मला कोणी शिकवलं नाही, मी स्वतः करून बसले आहे. १९८६ च्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका वाड्यात घरगुती बैठक होती. चाळीस-पन्नास माणसं, सतरंजी, दोन पिवळे दिवे. गायक वयस्कर. नाव सांगत नाही, त्यांनी माझं कधी कोणाला सांगितलं नाही म्हणून. मारवा राग चालू होता. मारव्यात षड्ज, म्हणजे घरचा ‘सा’, दूर ठेवायचा असतो. रिषभ-धैवतावर फिरत राहायचं, आणि ऐकणाऱ्याला घर दिसतंय पण दार सापडत नाही असं करून ठेवायचं. पंचवीसएक मिनिटं त्यांनी ते धरून ठेवलं होतं, आणि मी, दोन हातांवरून, उसना आणलेला फ्लॅश उडवला.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तानपुऱ्यावरच्या शिष्याला हाताने ‘चालू दे’ म्हटलं आणि गप्प बसले. दोन-तीन मिनिटं नुसता तानपुरा. मग पहिल्यापासून. पण ते पंचवीस मिनिटांचं बांधकाम पुन्हा उभं राहिलं नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. नंतर मी माफी मागायला गेले तर म्हणाले, “फोटो तरी नीट आलाय का बघ.” आला नव्हता. चेहरा चुन्यासारखा पांढरा आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. ती निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे.

प्रश्न : ताई, मी बी. ए.ला आहे आणि सहा वर्षं गाणं शिकते. शिष्यवृत्तीच्या पैशांतून मिररलेस कॅमेरा घेतलाय. आमच्या गुरुजींचा मोठा कार्यक्रम आहे आणि त्यांनीच मला फोटो काढायला सांगितलंय. कुणाला त्रास न देता कसे काढू? नेमके कधी काढू?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

तुझ्या पत्रातलं सर्वांत कामाचं वाक्य ‘सहा वर्षं गाणं शिकते’ हे आहे. कॅमेरा कोणताही चालेल.

आधी यंत्र गप्प कर. शटरचा आवाज बंद. फोकस झाला की वाजणारा ‘पिक’ बंद. अंधारात फोकससाठी पुढून जो नारिंगी किंवा लाल दिवा लागतो तो बंद. हा विसरायचा नाही, तो सरळ गायकाच्या डोळ्यांत जातो. काढलेला फोटो मागच्या पडद्यावर आपोआप झळकतो तेही बंद. फोटो बघायला मध्यंतर आहे.

मूक शटरचा एक तोटा आहे. त्यात कॅमेरा चित्र एकदम न घेता ओळ-ओळ वाचत जातो. रंगमंचावरचे एलईडी दिवे आपल्याला स्थिर दिसतात, पण त्यांतले बरेच वेगाने उघडमीट करत असतात, आणि मग फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तिथे १/१०० किंवा १/५० सेकंदाचा शटरवेग बहुतेक वेळा निभावून नेतो. मंद केलेल्या एलईडीचं गणित मात्र वेगळं असतं. म्हणून साउंडवाले आवाज लावतात तेव्हा तूही पोच, लाइटवाल्या दादांना कार्यक्रमातला उजेड दोन मिनिटं लावायला सांग, आणि चार वेगांनी फोटो काढून बघ. लाइटवाले चहावर खूश असतात. गायकासाठी १/१२५ पुरतं. तबल्याची बोटं गोठवायची तर १/५०० लागेल, पण ती किंचित हललेलीच मला आवडतात. उजेड कमी वाटला तर आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, ३२०० किंवा ६४०० कर. दाणे आले तर आले.

आमच्या वेळी हे लाड नव्हते. ४०० चा कृष्णधवल रोल, तो १६०० समजून वापरायचा आणि धुताना जास्त वेळ धुवायचा. माझ्या निकॉन एफएम-२ चं शटर असं वाजायचं की मागच्या आजीबाई ‘कोण गं ते’ म्हणायच्या. शेवटी आत्याने गोधडीची पिशवी शिवून दिली, पुढे लेन्सपुरतं भोक, खालून हात घालायला जागा. मैफलीत ती बघून लोकांना वाटायचं मी बाळ घेऊन आलेय.

आता कधी काढायचं ते.

विलंबित एकतालाचं आवर्तन, म्हणजे संथ लयीतला बारा मात्रांचा एक फेरा, किराणा घराण्याच्या लयीत मिनिटभराचंही असू शकतं. या वेळात गायक एकेक स्वर ठेवत असतो. तिथे काढू नकोस. कॅमेरा मुका असला तरी तुझं हलणं, कोपर उचलणं, मान तिरकी करणं हे पहिल्या तीन रांगांना दिसतं. थांब. बंदिशीचा मुखडा येईल, मग सम, म्हणजे फेऱ्याची पहिली मात्रा, येईल, लोक ‘वा’ म्हणतील. समेवरही दाबू नकोस. समेच्या जरा नंतर. ते अर्धं सेकंद तुझं.

हा शिष्टाचार तर आहेच, पण फोटोही तिथेच असतो. समेवर पोचताना चेहरा आवळलेला असतो, भुवया चढलेल्या, मान ताणलेली. सम पडली की सगळं सुटतं. गायक तबलजीकडे बघून हसतो, तबलजी मान डोलावतो, पेटीवाल्याचे खांदे खाली येतात. तबला बहुधा गायकाच्या उजव्या हाताला असतो, म्हणून मी श्रोत्यांच्या डाव्या कडेला बसते. त्या क्षणी गायकाचा चेहरा माझ्या बाजूला वळतो. तबलजीचा खांदा कोपऱ्यात आला तर येऊ दे. ज्याला ताल मोजता येत नाही त्याला हा क्षण नशिबाने मिळतो. तुला तो आधी दिसेल.

द्रुत, म्हणजे जलद चीज, सुरू झाल्यावर, तराण्यात किंवा तबल्याच्या लग्गीत थोडं सैल वागलं तरी चालतं. शेवटच्या भैरवीत माझा कॅमेरा पिशवीत असतो. हा नियम नाही, माझी सवय आहे.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आ-कारात, तानेत तोंड वेडंवाकडं होतं. तसे फोटो निघतील, पण बाहेर जाऊ देऊ नकोस. घाम पुसताना, पाणी पिताना, खाकरताना, गुडघा धरून उठतानाही नको. गुरुजींनी तुला जवळ बसू दिलंय ते गाण्यासाठी. आणि मागे तानपुऱ्यावर ज्या दोन मुली बसतात त्यांना कापू नकोस. तास-दीड तास ताठ बसून तारा छेडणाऱ्यांच्या आयांकडे लेकीचा एकही फोटो नसतो, कारण प्रत्येक फोटोग्राफर चौकट तिच्या नाकापाशी संपवतो. फोटो देताना त्यांची नावं लिहून दे.

बांगड्या काढून ठेव. गडद कपडे घाल. जागेवरून उठायचं तर टाळ्यांत.

प्रश्न : एका संगीतविषयक पोर्टलसाठी लिहितो. पुण्यातल्या एका रॉक फेस्टिव्हलला पहिल्यांदाच माध्यमांचा पास मिळाला आहे. पासासोबत ‘पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही’ असं लिहून आलंय. खरा रंग तर शेवटी चढतो. मग पहिलीच तीन का? आणि यात सवलत मिळते का?
— एक तरुण, पिंपरी

सवलत मिळत नाही. मागूही नकोस, पुढच्या वर्षी नाव यादीत राहणार नाही.

हा नियम जगभर जवळपास सारखा आहे आणि त्याची कारणं साधी आहेत. कठडा आणि रंगमंच यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीला पिट म्हणतात, तिथे तुम्ही पंधरा-वीस जण उभे राहणार. ती पट्टी सुरक्षारक्षकांची आहे. गर्दी रेटली की चेंगरलेल्या माणसाला कठड्यावरून उचलून तिथेच घेतात. गाणी चढत जातात तसं रेटणं वाढतं, तेव्हा तुम्ही तिथे नको. पुढे आगीचे झोत, कागदी पाकळ्यांच्या तोफा सुटतात, त्याही पिटच्या तोंडावर. कलाकाराची बाजू अशी की तीन गाण्यांपर्यंत केस-कपडे जागेवर असतात, घामाने मेकअप उतरलेला नसतो. आणि कठड्याला टेकून दुपारपासून उभ्या असलेल्या पोरांना तुमच्या पाठी किती वेळ बघायला लावायच्या?

तीन गाणी म्हणजे दहा-बारा मिनिटं. पुरतात. पहिल्या गाण्यात लाइटचा अंदाज घे, दुसऱ्यात मुख्य गायक, तिसऱ्यात ड्रमवाला, कारण त्याला नेहमी विसरतात. कॅमेरा डोक्यावर उचलून मागच्याची चौकट कापायची नाही. पाठीवरची सॅक पोटाशी घे. कानात बोळे घाल, स्पीकर तुझ्यापासून हातभर अंतरावर असतो.

पासाबरोबर सही करायला कागद आला असेल तर तो वाच. काही कलाकारांच्या कंपन्या असं लिहून घेतात की फोटो एकाच ठिकाणी, एकदाच छापायचा, आणि नंतर हक्क त्यांचे. पटत नसेल तर सही करू नकोस आणि पिटमध्ये जाऊ नकोस. सही करून नंतर रडणारे मी पुष्कळ पाहिलेत.

जाता जाता एक गंमत. हाच नियम काही उत्साही आयोजक हल्ली शास्त्रीय मैफलीला लावतात: ‘फोटोग्राफरांनी पहिली दहा मिनिटं फोटो काढावेत आणि निघावं.’ ख्यालाची पहिली दहा मिनिटं म्हणजे आलाप. सगळ्यांत नाजूक वेळ नेमकी कॅमेऱ्यांच्या हवाली करायची आणि द्रुताला त्यांना बाहेर काढायचं! दुसऱ्याच्या घरचं कुलूप आपल्या दाराला लावल्यासारखं आहे. अशा आयोजकांना मी पत्र लिहिते. उत्तर येत नाही.

प्रश्न : मुलीचं अरंगेत्रम, म्हणजे नृत्याचा पहिला जाहीर कार्यक्रम, आहे. सासरे, दीर, दोन मावश्या सगळ्यांना पुढे जाऊन व्हिडिओ घ्यायचाय. नाही कसं म्हणू?
— एक आई, सोलापूर

नाही म्हणू नका, काम वाटून द्या. आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीला सगळ्यांना बोलवा. पूर्ण पोशाख, पूर्ण दिवे, हवे तेवढे व्हिडिओ. कार्यक्रमाच्या दिवशी एकच माणूस, पैसे देऊन ठरवलेला, कडेला. सासऱ्यांना मधोमध बसवा आणि सांगा की मुलगी तुमच्याकडे बघून नाचणार आहे, तुमच्या तोंडापुढे फोन असला तर तिला आजोबा दिसायचे नाहीत. हे खरंही आहे.

प्रश्न : मी हौशी फोटोग्राफर. एका संस्थेच्या मैफलीचे फोटो मोफत पासावर काढून दिले. पुढच्या वर्षी माझाच फोटो त्यांच्या वीस फुटी फलकावर, नाव नाही, विचारलंही नाही. हक्क कोणाचा? आणि मी त्या मैफलीचा व्हिडिओही घेतला आहे, तो टाकला तर?
— एक वाचक, नाशिक

मी वकील नाही, पण या भानगडीत इतक्या वेळा सापडले आहे की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची चार कलमं पाठ झालीत.

फोटोचा पहिला मालक सर्वसाधारणपणे काढणारा. पण कोणी मोबदला देऊन फोटो काढवून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर मालक तो काढवून घेणारा. तुमचा मोफत पास हा मोबदला होता का, यावर दोन वकील दोन तास भांडतील. म्हणून पुढच्या वेळी आधीच एका कागदावर चार ओळी लिहा: फोटो कुठे वापरणार, किती काळ, नाव कसं छापणार, हक्क कोणाकडे. हातात चहाचा कप असतानाच सही घ्या, कार्यक्रम झाल्यावर कोणी सापडत नाही. नावाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. हक्क दुसऱ्याला दिलेले असले तरी ‘हे माझं काम आहे’ असं म्हणण्याचा निर्मात्याचा अधिकार कायदा शाबूत ठेवतो. तेव्हा संस्थेला नम्र पण लेखी पत्र पाठवा. भांडू नका, गावात मैफली करणाऱ्या संस्था दोनच असतात.

व्हिडिओचं उत्तर ऐकून तुम्हाला माझा राग येईल. तुम्हाला न विचारता संस्थेने जे केलं, तेच तुम्ही गायकाला करायला निघालात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आपल्या सादरीकरणावर कायद्याने स्वतंत्र हक्क आहे, त्याची मुदत ५० वर्षं. त्यांच्या संमतीशिवाय ध्वनिमुद्रण किंवा हलत्या चित्रांचं चित्रण करता येत नाही. स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी अपवाद आहे. यूट्यूबवर टाकणं त्यात बसत नाही. स्थिर फोटो या व्याख्येत येत नाही, म्हणून लोकांना वाटतं फोटोला कायदा नाही तर व्हिडिओलाही नाही. घरी बघा, शिका. टाकायचा असेल तर गायकाला फोन करा. फार तर नाही म्हणतील.

प्रश्न : आम्ही घरी वर्षातून दोनदा बैठक करतो, साठेक माणसं येतात. गेल्या वेळी एका पाहुण्याने अख्खी मैफल फेसबुकवर थेट दाखवली. कलाकार काही बोलले नाहीत, पण जेवताना गप्प होते. पाहुण्यांना न दुखावता फोनबंदी कशी करायची?
— एक यजमान, एडिसन, न्यू जर्सी

गप्प असणारच. तीन आठवड्यांत आठ-दहा गावं करून आलेला गायक, झोपेचं खोबरं झालेलं, आवाज बसलेला. तुमच्या दिवाणखान्यात तो सैल होऊन गातो, एखादी न पिकलेली बंदिश आपल्या माणसांत म्हणून बघतो. ती थेट दाखवली म्हणजे स्वयंपाकघरातली अर्धी शिजलेली भाजी पंगतीत वाढल्यासारखं झालं. वर, पुढच्या आठवड्यात ज्या गावी तिकीट लावून कार्यक्रम आहे, तिथल्या लोकांनी तो फुकट बघून टाकला.

कलाकार रागावले की काय होतं याचे किस्से पाश्चात्त्य संगीतात फार. क्रिस्तियान झिमरमान हा पोलिश पियानोवादक २०१३ मध्ये जर्मनीतल्या एसेनला, श्रोत्यांत कोणीतरी फोनवर चित्रण करतंय म्हणून वाजवणं थांबवून आत गेला. जर्मन व्हायोलिनवादक ॲन-सोफी मुटरने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत बेथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्तो मध्येच थांबवला आणि चित्रण करणाऱ्या बाईंना समोरासमोर सांगितलं. तुमच्याकडे तर फोन कुलूपबंद पिशवीत घालून द्यायची पद्धतही निघाली आहे, बॉब डिलनच्या मैफलींत ती असते. साठ पाहुण्यांच्या घरात हे कशाला?

आपल्याकडे चपला दाराशी काढतात. तिथेच एक मोठी परडी ठेवा. वर चिठ्ठी: ‘फोन इथे विसावतील.’ पहिला फोन तुम्ही स्वतः, सगळ्यांसमोर, त्यात ठेवा. दुसरा तुमच्या सौभाग्यवतींचा. तिसऱ्यापासून लाज काम करते. ज्यांची मुलं लहान आहेत, कोणी दवाखान्यात ड्यूटीवर आहे, त्यांनी फोन खिशात मुका ठेवावा, त्यावर चौकशी करायची नाही. कलाकाराला आमंत्रणाच्या वेळीच विचारा: फोटो चालतील का, कोणत्या भागात, ध्वनिमुद्रण करायचं का, आणि केलं तर ते कोणाकडे राहील. मग एकालाच फोटो काढायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पाठवा. लोकांना फोटो हवा असतो, काढायचाच असतो असं नाही. सुरुवातीची घोषणा मात्र मुलांपैकी कोणाला करू द्या. दहा वर्षांच्या मुलीने सांगितलेलं कोणी टाळत नाही.

शेवटी मध्यंतरात दोन मिनिटं कलाकारासोबत फोटोला ठेवा. त्यांना विचारून, आणि चहा पिऊन झाल्यावर.

प्रश्न : तुमची मतं वाचून राग येतो. माझ्या वडिलांनी १९६७ मध्ये म्हार्दोळच्या देवळातल्या उत्सवात एका गायकाचा फोटो काढला, क्लिक-थ्री कॅमेऱ्याने. गायक, तबलजी, मागे समई. आज ते गायक कोणाच्या लक्षात नाहीत, त्यांची तबकडी नाही, फक्त हा फोटो आहे. त्या वेळी तुमचे नियम असते तर तोही नसता. प्रत सोबत जोडली आहे.
— एक वाचक, फोंडा, गोवा

फोटो टेबलावर ठेवून चार दिवस बघतेय. राग कबूल.

तुमच्या तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर रेकॉर्डिंगच्या बाबतीत किती काटेकोर होत्या, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असेल. तरी ज्या थोड्या तबकड्या झाल्या त्यांतली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर बसून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. ती तबकडी झालीच नसती तर? हा प्रश्न मलाही रात्री सतावतो. तरीही त्यांच्या नकारात मी हात घातला नसता. गळा त्यांचा.

पण वडिलांचा फोटो बघा. क्लिक-थ्रीत रोलला बारा फोटो यायचे. देवळात उजेड म्हणजे समई आणि एखादा बल्ब. त्या कॅमेऱ्याला एवढ्या उजेडात माणूस हलला तर धूसर यायचा. गायकाचा हात वर आहे आणि तो धूसर नाही. तबलजीचे दोन्ही तळवे तबल्यावर टेकलेले आहेत, आवाज बंद करून. मागे एक मुलगा टाळी देऊन हात खाली नेतोय, फक्त तेवढा हललाय. वडील थांबले होते. सम पडून गेल्यावर, गायक दाद घेत हात तसाच ठेवून बसला होता तेव्हा त्यांनी खटका दाबला. त्या संध्याकाळी त्यांनी बहुतेक एक किंवा दोनच फोटो काढले असणार, कारण उरलेले दहा घरच्या बारशासाठी राखले असतील. असं फोटो काढणाऱ्याला कोणत्याही काळात कोणी उठवलं नसतं.

आता कामाचं. मूळ प्रत प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, गोव्याच्या दमट हवेत ती चिकटेल. आम्लविरहित कागदात ठेवा, कोरड्या कपाटात. निगेटिव्ह असेल तर शोधा, पत्र्याच्या डब्यांत असतात. चांगल्या स्कॅनरवर प्रत करून घ्या. फोटोच्या मागे शाईने लिहू नका, मऊ पेन्सिलीने, कडेला: देऊळ, उत्सव, वर्ष, गायकाचं नाव, काढणाऱ्याचं नाव.

आणि तबल्यावर कोण आहे ते घरातल्या कोणा थोरल्या माणसाला विचारून कळवा. डाव्या हाताच्या करंगळीत जाड अंगठी आहे, आणि ती घालून डग्गा वाजवणारा माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही.